मोटरीचा नट आणि माझी करंगळी

आमच्या घरात मिस्त्रीला प्रवेश नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! नळ गळो, पंखा घरघरो, दाराची कडी निसटो, सगळं मी स्वतः या दोन हातांनी बघतो. "बघता हे खरं," असं बायको म्हणते, "गेली दोन वर्षं आपण सगळेच तो नळ बघतोय." पण असल्या टोमण्यांनी खचून जाणारा माणूस मी नव्हे.

तर झालं असं, की मी एक यंत्र विकत घेतलं. जुनं! जुन्या हत्यारांच्या हौशी लोकांचा फोनवर एक गट आहे. त्यात तीनशे माणसं आहेत. त्यातले दोनशे नव्याण्णव काहीही विकत न घेता सल्ले देतात आणि उरलेला एक मी. त्या गटावर एके सकाळी जाहिरात झळकली: 'टांगती मोटर. घासा, कापा, भोकं पाडा, पॉलिश करा. फारशी न वापरलेली. सर्व जोडण्यांसह.' खाली लगेच सल्ले सुरू. एक म्हणाला, घेऊ नका. दुसरा म्हणाला, असं यंत्र आता होणे नाही. तिसऱ्यानं विचारलं, याच्यावर कणीक मळता येईल का? मी मात्र चप्पल पायात सरकवून निघालोसुद्धा.

विकणारे गृहस्थ म्हणजे कवळ्या घडवणारे एक निवृत्त कारागीर. त्यांनी मोटर माझ्यापुढे ठेवली. नारळाएवढी, काळी कुळकुळीत आणि वजनदार. ती खुंटीला टांगायची. तिच्या तोंडाला एक लांब लवचीक दांडा जोडायचा आणि दांड्याच्या टोकाला पेनासारखी मूठ. मोटर वर फिरते, हातातलं टोक खाली फिरतं.

"चालते ना?" मी विचारलं.

"चालत होती," ते म्हणाले.

"आणि फारशी न वापरलेली?"

"मी नाही वापरली. माझ्या आधी ज्याच्याकडे होती त्यानं तीस वर्षं वापरली."

एवढा प्रामाणिक माणूस मी जन्मात पाहिला नव्हता! शिवाय त्यांनी बिस्किटांचा एक मोठा डबा दिला. त्यात घासायचे दगड, कापायच्या चकत्या, तारेचे ब्रश, पॉलिशच्या गाद्या, असा खजिनाच.

"हे सगळं याचंच ना?"

"याचं नाही," ते म्हणाले, "पण याच्याबरोबर होतं."

या वाक्याचा अर्थ मला घरी आल्यावर कळला. डब्यातल्या एकशे चौदा वस्तूंपैकी एकही मुठीत बसेना. मूठ दांड्याला बसेना. आणि दांडा मोटरीला बसेना, कारण दांडा एका कंपनीचा, मोटर दुसऱ्याच कंपनीची आणि ती दुसरी कंपनी आता जगातच नाही! मोटरीच्या तोंडावर एक पितळी नट होता. दांडा त्या नटातून जाऊन मोटरीला घट्ट धरला जाणार, अशी मूळ योजना. पण माझा दांडा त्या नटात असा डुलत होता, की जणू धाकट्या भावानं थोरल्याची पँट घातलीय.

मी दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानदारानं मला 'युनिव्हर्सल' दांडा दाखवला. युनिव्हर्सल म्हणजे जो सगळ्याच यंत्रांना थोडा थोडा बसत नाही तो! शेवटी चौकातल्या हार्डवेअरवाल्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नमुना आणलाय?"

"नाही. पण मी हातानं दाखवतो, एवढा एवढा आहे."

"एवढा एवढा माप आमच्याकडे नाही. नमुना आणा."

तीन आठवडे मोटर खुंटीला टांगून होती. रोज संध्याकाळी मी बटण दाबायचो, ती घुर्रर्र करायची, मी समाधानानं बटण बंद करायचो. बायको शिवता शिवता माझ्याकडे बघायची आणि पुन्हा सुईत दोरा ओवायची.

बायको कपडे शिवते. आजवर शेजारपाजारचे ब्लाउज, पडद्यांच्या किनारी, पँटी आखूड करणं असली किरकोळ कामं यायची. पण या वेळी तिला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. एका शाळेच्या गायनवृंदाचे अठ्ठावीस काळे कोट! शनिवारी सकाळी दहाला शाळेच्या संगीतशिक्षिका येऊन कोट नेणार होत्या. आवडले तर शाळेचे सगळे गणवेश वर्षभर तिच्याकडेच येणार होते. पंधरा दिवस ती मान वर न करता मापं घेत, कापत, टाचत होती; आता नुसती मशीनवरची शिलाई उरली होती.

आणि शुक्रवारी सकाळी, अकरावा कोट संपवून बारावा घेतला तेवढ्यात, कडाक् करून सुई मोडली. मोडली ती मोडली, शिवाय खालच्या पोलादी प्लेटवर आपटून गेली! प्लेटला सुई जायचं बारीक भोक असतं. त्या भोकाच्या कडेला कुसळाएवढं धारदार टोक आलं. नवी सुई घातली, तर दर वितीला दोरा तटकन तुटायचा.

"अहो, मी मशीनवाल्याला फोन करते," बायको म्हणाली.

"मशीनवाला?" मी गरजलो. "या घरात? मी असताना? अगं, एवढंसं टोक! पॉलिशची गादी लावायची, मोटर सुरू करायची, घुर्रर्र, झालं! आपल्याकडे यंत्र कशाला आहे?"

"त्याला दांडा नाही ना?"

"तासाभरात आणतो!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कापून ठेवलेल्या सतरा कोटांच्या ढिगाकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत मी दोन स्क्रू काढून प्लेट खिशात टाकली. मोटरीचा पितळी नटही सोडवला, कारण नमुना हवा होता. आता नट ठेवायचा कुठे? शर्टाच्या खिशातून वाकताना पडतो, पँटच्या खिशात किल्ल्या असतात. अख्ख्या जगात एकुलता एक उरलेला नट! तो गटारात पडला तर? म्हणून मी तो उजव्या हाताच्या करंगळीत घातला. छान बसला. रस्त्यानं जाताना निसटू नये म्हणून मी तो जरा आत सरकवला. मग आणखी जरा. हार्डवेअरच्या दुकानाशी पोचेपर्यंत तो करंगळीच्या मुळाशी गेला होता.

"आणला नमुना!" मी विजयी मुद्रेनं हात पुढे केला.

"काढा."

मी ओढला. नट हलला नाही. फिरवून बघितला, तर आतले आटे कातडीत रुतले. तोंडानं ओढून बघितला, तर दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर गेली.

हार्डवेअरवाल्यानं वाकून निरखलं. "कुठं अडलाय? फिट बसलाय की! एकदम कंपनी फिटिंग!"

"अहो, चेष्टा काय करता? माप घ्या ना!"

"माप आतून घ्यायचं असतं. आत तुम्ही आहात."

त्यांनी माळ्यावरून पाच प्रकारचे दांडे काढले. पण दांडा बसतो की नाही ते नटात घालून बघायचं, आणि नटात माझी करंगळी! ते एकेक दांडा करंगळीशेजारी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि मान हलवायचे. मग म्हणाले, "नमुना सुटा करून आणा. गिऱ्हाईकासकट नमुना आम्ही घेत नाही."

इतक्यात खिशात फोन वाजला. बायको! तास उलटून गेला होता. मशीन उघडं पडलेलं, सतरा कोट बाकी, आणि प्लेट माझ्या खिशात. आता ती काय काय बोलणार, हे मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. मी फोन वाजू दिला. नट निघाला की करू, असं ठरवलं.

मग मी पाणपोईवर जाऊन हात पाण्यात धरला. किराणावाल्याकडून साबण लावून घेतला, तेल लावून घेतलं. औषधवाल्यानं हात डोक्याच्या वर धरून ठेवायला सांगितलं, सूज उतरते म्हणे. तसा हात वर करून मी भर रस्त्यातून चाललो, तर दोन रिक्षा थांबल्या आणि एका ओळखीच्या माणसानं लांबून हात हलवला. करंगळी वांग्यासारखी जांभळी झाली होती. फोन दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मी उचलला नाही. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. करंगळीची नव्हे, बायकोची.

शेवटी औषधवाल्यानंच सुचवलं, "सोनाराकडे जा. अडकलेल्या अंगठ्या तेच कापतात."

सोनाराचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. दुपार उलटली होती. आत एक मध्यमवयीन माणूस डोळ्याला भिंग लावून बसलेला. मी हात पुढे केला. त्यानं भिंगातून नट बघितला.

"अंगठी कोणती म्हणायची ही?"

"नट आहे."

तो असं का, हे विचारण्याच्या फंदात पडला नाही. नाना प्रकारच्या बोटांना त्यानं आयुष्यभर पाहिलं असावं. त्यानं शेजारचं छोटं कापायचं यंत्र उचललं. "दोन मिनिटं. हलू नका." चकती फिरायला लागली, नटाजवळ आली...

"थांबा!" मी किंचाळलो.

"लागलं?"

"नाही. पण नट वाया जाईल ना! हा नट आता कुठंच मिळत नाही हो!"

"आणि करंगळी मिळते?"

तुम्हाला हसू येत असेल, पण त्या क्षणी मी खरोखर विचार करत होतो, की माणसाला नऊ बोटांनी नेमकं काय अडतं!

माझं तोंड बघून सोनारानं नट पुन्हा निरखला. या वेळी जरा जास्तच वेळ. मग भिंग काढलं. त्याचा चेहराच बदलला.

"हा... हा तुम्हाला कुठं मिळाला?"

तो खाली वाकला. टेबलाखालून त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. फडकं सोडलं, तर आत माझीच मोटर! म्हणजे तशीच, नारळाएवढी आणि काळी कुळकुळीत. फक्त हिला दांडा होता आणि नट नव्हता.

"वडिलांची," तो म्हणाला. "चाळीस वर्षं यावर बसले ते. दुकान हलवताना नट हरवला. दीड वर्ष शोधतोय. हे नवं यंत्र आहे, पण हात बसत नाही यावर."

"दांडा विकता का?" मी विचारलं.

"नट विकता का?" त्यानं विचारलं.

"छे!" आम्ही दोघंही म्हणालो.

त्यानंतर नट कापायचा विषय कोणी काढलाच नाही! त्यानं बर्फ मागवला. त्यानं माझ्या करंगळीला बर्फ लावला, मेण लावलं, फुंकरसुद्धा घातली. एवढ्या मायेनं माझा हात कोणी कधी हातात घेतला नव्हता. पण "दुखतंय का" म्हणून त्यानं एकदाही विचारलं नाही. "आटे खराब नाही ना झाले?" असं मात्र दर पाच मिनिटांनी विचारत होता. आणि मीही त्याला तेच विचारत होतो!

चार वाजले. फोन चौथ्यांदा वाजला आणि मी तो टेबलाच्या कडेला उलटा ठेवला.

"घरचा आहे?" सोनारानं विचारलं.

मग मी त्याला सगळं सांगितलं. कोट, प्लेट, उद्या सकाळी दहाला येणाऱ्या शिक्षिका, सगळं. पंधरा दिवस राबून तिनं मिळवलेलं काम मी एका पितळी नटापायी घालवलं होतं. सोनारानं शांतपणे ऐकलं आणि शटर ओढलं.

"चला, तुमच्या घरी. मी येतो."

"माझी बाजू सांगायला?"

"नट वाटेत कुठं पडायला नको," तो म्हणाला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

असे आम्ही हातात हात घालून आमच्या इमारतीशी आलो. जिन्यात मी माफीची वाक्यं जुळवत होतो. 'अगं, चूक माझी आहे' इथून सुरू करायचं की आधी करंगळी दाखवायची? पहिल्या मजल्यावर पोचलो आणि माझे पाय जागच्या जागी खिळले. वरून आवाज येत होता. खडखडखडखड... शिलाई मशीनचा!

प्लेट माझ्या खिशात! मशीन चालतंय कसं? बिचारी बिनप्लेटची शिवतेय! सुई खाली कुठं जात असेल? मी तीन तीन पायऱ्या ओलांडत धावलो आणि मागून सोनार धावला, कारण त्यानं मनगट सोडलं नव्हतं.

"थांब! थांब! मशीन बंद कर!" मी दारातूनच ओरडलो.

बायकोनं मान वर केली. शेजारी कोटांचा काळाभोर ढीग होता. हँगरवर आणखी कोट. "चोविसावा चाललाय," ती म्हणाली. "कुठं होता तुम्ही दिवसभर?"

"पण... प्लेट?"

"तुम्ही गेलात आणि मी खाली दोऱ्याबटणांच्या दुकानात गेले. तिथं मिळतात की प्लेटा. सगळ्या मशिनींना एकच बसते. पाव तासात लावून शिवायला बसले."

"सगळ्या मशिनींना... एकच?" मी खिशातली प्लेट चाचपली.

"हो. तेच सांगायला फोन केला मी. चार वेळा! परत या म्हणून सांगायचं होतं. उन्हातान्हात उगीच वणवण करत असाल, जेवला नसाल, म्हणून जीव टांगणीला लागला होता माझा. तुम्ही उचललाच नाहीत!"

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! दिवसभर मी तिच्या ज्या रागाला घाबरून पळत होतो, तो राग नव्हताच. ती काळजी होती. मी करंगळी पुढे केली.

"अगं बाई!" ती उठलीच नाही, नुसती खुर्ची वळवली. "बसा इथं."

तिनं गुळगुळीत रेशमी दोरा घेतला. सुईनं त्याचं टोक नटाखालून अलगद मनगटाच्या बाजूला काढलं. मग नटापासून नखापर्यंत करंगळीला दोऱ्याचे घट्ट वेढे घातले, एकाला एक चिकटून. मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. मग मनगटाकडच्या टोकानं ती दोरा हळूहळू उलगडायला लागली. एकेक वेढा सुटत होता आणि नट एकेक पाऊल पुढं सरकत होता!

"शिवताना बोटात घालतो ते अंगुस्तान अडकलं की आम्ही असंच काढतो," ती म्हणाली.

टण्! नट सुटला आणि सोनाराच्या ओंजळीत पडला. त्यानं ओंजळ केव्हापासून धरून ठेवली होती, कोण जाणे! त्यानं नट उजेडात धरला आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "आटे शाबूत आहेत," तो पुटपुटला. त्यानं बायकोला वडिलांच्या मोटरीबद्दल सांगितलं.

"मग घेऊन जा," बायको म्हणाली.

"अगं! माझा नट!" मी ओरडलो. तिनं नुसतं माझ्या जांभळ्या करंगळीकडे बघितलं. मी म्हणालो, "न्या, न्या."

सोनार गेला. जाताना त्यानं खराब झालेली प्लेट आरशासारखी घासून देण्याचं वचन दिलं. आम्हाला आता तिचा उपयोग नव्हता, पण त्याच्या उत्साहावर पाणी ओतायला दोघांनाही जमलं नाही.

उरलेले कोट तिनं दिवेलागणीच्या आत संपवले. प्रायश्चित्त म्हणून मी कोटांना हुक लावायला बसलो. करंगळीला पट्टी बांधली होती, ती सारखी दोऱ्यात यायची, पण मी हटलो नाही!

शनिवारी दहाच्या ठोक्याला संगीतशिक्षिका आल्या. एकेक कोट उलटसुलट करून पाहिला, शिवण ओढून पाहिली. शेवटचा कोट खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सुरेख! गणवेशांचं कापड मी सोमवारीच पाठवते." बायको नुसती टेबलाची कड धरून हसली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "अरेरे! काय झालं हो करंगळीला?"

मी तोंड उघडलं, पण बायको त्याआधीच म्हणाली, "काल दिवसभर कोटांसाठीच राबत होते हे. हुकही यांनीच लावलेत."

तसं बघितलं तर यात खोटं काय होतं? मी नम्रपणे मान खाली घातली. शिक्षिका भारावल्या. "बोट सुजेपर्यंत हुक लावले! नाहीतर आमचे हे! निवृत्त झाल्यापासून सोफ्यावरून उठत नाहीत. पाठवू का त्यांना तुमच्याकडे शिकायला?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

आता दर रविवारी त्यांचे यजमान आमच्याकडे येतात. गणवेशांचा ढीग मध्ये ठेवून आम्ही दोघं समोरासमोर बसतो. हुक सरळ कसा धरायचा, दोऱ्याला गाठ कशी मारायची, हे सगळं मी त्यांना शिकवतो. दोघं मिळून तासाला सहा हुक होतात. तेही आता माझ्यासारखेच तरबेज झालेत, असं मी परवा बायकोला अभिमानानं सांगितलं. ती "हो, अगदी तुमच्यासारखेच" म्हणाली आणि लगेच तोंड फिरवलं. मला जरा शंका आली. म्हणून या रविवारी त्यांना निरोप दिल्यावर मी दाराआडून हळूच डोकावलो. बायको खाली मान घालून आमचे सगळे हुक उसवत होती.